वायसरकाकांची रेघ

आमच्या प्रयोगशाळेतलं मीठ बाटलीत असतानाच पातळ असतं, मधासारखं. एका सच्छिद्र पापुद्र्यात ते मुरवायचं आणि तो पापुद्रा दोन पोलादी वाट्यांमध्ये घट्ट आवळायचा. मग धुरातला कार्बन डायऑक्साइड त्यातून पलीकडे जातो आणि नायट्रोजन हात हलवत परत येतो. सहा वर्षं मी एवढंच करते आहे.

वाट्या आवळायचं काम वायसरकाकांचं. ते आमचे तंत्रज्ञ. खिशात कायम रबरी वायसर, म्हणून हे नाव. "मॅडम, तुमचं मीठ आज रुसलंय," असं म्हणायचे आणि अर्धा आटा फिरवून गळती थांबवायचे.

नायट्रोजनच्या खोलीत हवेतला ऑक्सिजन कमी झाला की वाजणारा भोंगा आहे. सिलिंडर बदलताना तो उगीचच बोंबलतो, म्हणून आम्ही बटण दाबून त्याचं तोंड बंद करतो. लिहिलेलं कुठे नाही, पण रीत ठरलेली: ज्याने दाबलं, त्याने बाकीच्यांना सांगायचं. मार्चमधल्या त्या सकाळी मी दाबलं. तेवढ्यात माझा शोधनिबंध स्वीकारल्याचं पत्र आलं. मी हुरळून सगळ्यांना सगळं सांगत सुटले, फक्त हे सोडून. नायट्रोजनला वास नसतो; गळून खोलीभर साठला तरी कळत नाही. काका नळी बघायला आत गेले, ते चालत बाहेर आलेच नाहीत.

त्यांना उचलून आणलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या, आणि त्या धावपळीत मी गुपचूप बटण पूर्ववत केलं. अहवालात आलं: भोंगा चालू होता, कर्मचाऱ्याने दुर्लक्ष केलं. साक्षीदार म्हणून त्याखाली माझी सही आहे. ती मी एका दमात केली, याची मला अजून लाज वाटते.

तीन आठवड्यांनी मी नवा पापुद्रा लावला. आटे मीच आवळले. चाचणीआधी दोन्ही बाजूंना शुद्ध नायट्रोजन सोडतात. संगणकावर कार्बन डायऑक्साइडची रेघ शून्यावर सरळ चालली पाहिजे.

ती वर चढली. खाली आली. पुन्हा चढली.

गळती असणार, म्हटलं. साबणाचं पाणी लावून पाहिलं, एकही बुडबुडा नाही. सिलिंडर बदलला, सेन्सर बदलला. माझाच श्वास आत शिरतोय की काय, म्हणून शेजारच्या खोलीत जाऊन काचेतून बघत बसले. रेघ चालूच. दोन लहान उंचवटे, एक मोठा, मग थोडी उसंत. यंत्राची चूक दिवसभर एकसारखी राहते. ही दुपारच्या जेवणानंतर संथ व्हायची, आणि नायट्रोजनच्या खोलीचं दार कुणी उघडलं की घाईला यायची.

पापुद्रा काढून फेकला. दुसरा लावला. तेच.

एप्रिलअखेर काकू, म्हणजे काकांच्या पत्नी, त्यांच्या कपाटातलं सामान न्यायला आल्या. चष्मा, स्वेटर, डबाभर वायसर. पिशवी मांडीवर घेऊन त्या माझ्या टेबलाशी टेकल्या.

"एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा ना, काकू."

"बाहेर पडताना गॅस बंद आहे का, हे तीनतीनदा बघणारा माणूस हो तो. भोंगा वाजत असताना आत जाईल? पण कागदावर तसं लिहिलंय. लेक माझी त्यांचा फोटोसुद्धा लावू देत नाही. म्हणते, बाबा स्वतःच्या बेफिकिरीने गेले. तिला मी काय सांगू?"

त्यांचं लक्ष संगणकाकडे गेलं.

"हे काय चाललंय?"

"चाचणी आहे."

त्या बघत राहिल्या. हळूहळू त्यांचं बोट टेबलावर वाजू लागलं. दोन हलके ठोके, एक जड, मग उसंत.

"हे असेच झोपायचे," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं ऐकलंय मी."

सांगून टाक, मी स्वतःला म्हटलं. एका वाक्याचं तर काम आहे. त्या मुलीला तिचा बाप परत मिळेल.

"काकू," मी म्हणाले.

रेघ वर चढली आणि तिथेच थांबली.

काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"काकू... चहा घेणार?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि पिशवी उचलली.

त्याला आता पाच महिने झाले. मी सिलिंडर बंद केलाय. सेन्सरची वायर काढून ठेवलीय. रेघ खाली आलेली नाही.

आज सकाळी मी काकूंचा नंबर काढला, तर रेघ जराशी थरथरली. मी फोन उपडा ठेवला.