पेटीवरचा लाल दिवा

रविवारी दुपारी धाकटा बास गिटार घेऊन वहिनीला तिच्या घरून न्यायला गेला, तेव्हा त्याच्या शर्टाला कडक इस्त्री होती, तरी तो कॉलर पुन्हा पुन्हा सारखी करत होता. चार वाजता वाचनालयाच्या सभागृहात हौशी बँडचा कार्यक्रम होता. सहा बँड, प्रत्येकाला अर्धा तास, आणि ऐकायला मुख्यतः वाजवणाऱ्यांचेच नातेवाईक. एवढ्यासाठी कोणी इतकं घाबरावं का? पण धाकटा घाबरला होता.

आठवडाभर तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. बास हा मुळात त्याच्या दादाचा प्रांत. दादाने या बँडमध्ये अकरा वर्षं बास वाजवला. मग एका सकाळी त्याच्या छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. महिन्याभराने वहिनीने ते काळं, जड वाद्य दिराच्या हातात दिलं. “कपाटात पडलेलं मला बघवत नाही, भावोजी. वाजतं राहू दे.” धाकट्याने मान डोलावली खरी, पण दादाच्या हातात ताल होता आणि याच्या हातात नुसता घाम.

बँडचा म्होरक्या गायचा आणि शाळेत गणित शिकवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. त्याने आदल्या आठवड्यात स्पष्टच सांगितलं होतं, “दादाचा भाऊ म्हणून आठ महिने तुला सांभाळून घेतलं. रविवारी जमलं, तर जागा तुझी. नाहीतर बास घरी ठेव, माझ्याकडे दुसरा माणूस तयार आहे.” वर तो नेहमीचं वाक्यही बोलला होता, “बास वाजत असला की कोणाला ऐकू येत नाही. बंद पडला की मात्र सगळ्यांना कळतं.”

धाकट्याला ती जागा हवी होती. दादा गेल्यावर कुठे नीट उभं राहता येत असेल, तर ते तिथेच.

सभागृहात धुळीचा आणि तापलेल्या वायरींचा वास भरला होता. वहिनी पहिल्या रांगेत बसून मोबाइल सरसावत होती. धाकट्याने पायाशी ट्यूनरची पेटी ठेवली. हिचं काम सोपं. पायाने दाबली की लाल दिवा लागतो आणि बासचा आवाज बाहेर जायचा बंद होतो, म्हणजे तारा जुळवतानाची कुईकुई लोकांना ऐकावी लागत नाही. पुन्हा दाबली की दिवा विझतो आणि आवाज सुरू. धाकट्याने पेटी दाबली, चारही तारा जुळवल्या, आणि तेवढ्यात ड्रमवर बसलेल्या बेकरीवाल्याने काठ्या आपटून एक-दोन-तीन-चार दिलं.

मग सहा गाणी कशी गेली ते त्याचं त्यालाच कळलं नाही. मागच्या स्पीकरमधून बास घुमत होता, पायाखालची फळी थरथरत होती, आणि प्रत्येक सूर जागच्या जागी पडत होता. इतकं सोपं असतं हे? त्याला आश्चर्यच वाटत होतं. बोटं तारांवर ठेवायचा अवकाश, की पुढचं आपोआप होत होतं.

टाळ्या पडल्या. बेकरीवाल्याने पाठीत धपाटा घातला. “काय रे, काय खाऊन आलायस?” मास्तर चक्क हसला. मास्तरचं हसणं म्हणजे दुर्मीळच.

धाकटा वायर गुंडाळायला खाली वाकला आणि तसाच थांबला. पेटीवरचा दिवा लाल होता.

त्याने तार छेडली. आवाज नाही. पुन्हा छेडली, जोरात. काहीच नाही. पायाने पेटी दाबली. दिवा विझला आणि तिसऱ्यांदा छेडलेली तार सभागृहभर घुमली. शेवटच्या गाण्यात चुकून पाय पडला असेल, त्याने स्वतःची समजूत घातली. पण पेटी पिशवीत टाकण्याआधी त्याने ती आणखी दोनदा दाबून बघितली.

वहिनीच्या घरी पोहोचेपर्यंत साडेसहा झाले. खिडकीत अजून ऊन होतं. बास पिशवीसकट कोपऱ्यात टेकवून धाकटा आधी वहिनीने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ बघायला बसला.

“वहिनी, हे बघ. माझ्या पायाशी काय दिसतंय?”

“लाल दिवा. का हो?”

पहिल्या गाण्याच्या पहिल्या ठोक्यापासून दिवा लाल होता. दुसऱ्या गाण्यात लाल. शेवटच्या गाण्यात लाल. आणि सगळ्यावरून घुमत होता तो बास.

धाकट्याने तिला त्या दिव्याचा अर्थ सांगितला. वहिनी हळूच म्हणाली, “म्हणजे तुम्ही...”

“मी वाजवलंच नाही. म्हणजे, माझं बाहेर आलंच नाही.”

तेवढ्यात मास्तरने रेकॉर्डिंग पाठवलं. साउंडवाला प्रत्येक वाद्याचं वेगळं रेकॉर्डिंग करून द्यायचा. ही फाइल नुसत्या बासची होती. धाकट्याने ती लावली. बाकी सगळं गप्प, आणि त्या रिकामपणात एकटा बास चालत होता. सावकाश, भरदार. मधूनमधून, हात खालच्या सुरांकडे सरकला की, बारीक तारेवर काहीतरी घासल्याचा आवाज यायचा. चर्र. थोड्या वेळाने पुन्हा... चर्र.

वहिनीने त्याचं मनगट घट्ट धरलं.

“ही... ही ह्यांची अंगठी आहे.”

धाकट्यालाही ते आठवलं. दादा लग्नाची अंगठी घालूनच वाजवायचा आणि मास्तर दर सरावाला त्यावरून डाफरायचा. धाकट्याच्या हातात कधीच अंगठी नव्हती.

“अंगठी कुठे आहे, वहिनी? कपाटात?”

“नाही. बोट सुजलं होतं. निघालीच नाही... तशीच गेली त्यांच्याबरोबर.”

मोबाइल वाजला. दोघंही दचकले. मास्तरचा निरोप होता: ‘ऐकलं. जागा तुझी, पक्की. फक्त पुढच्या वेळी अंगठी काढून वाजव.’

धाकट्याने निरोप दोनदा वाचला. खरं सांगितलं, तर जागा गेली. आणि खरं सांगायचं तरी कोणाला? शेवटी त्याने एकच शब्द लिहिला, ‘काढतो.’

पाठवण्यासाठी डाव्या हाताचं बोट पुढे केलं तेव्हा खिडकीतलं ऊन हातावर पडलं. त्याच हाताच्या अनामिकेच्या मुळाशी एक गोल, पांढुरका वळ होता. कातडी आत दबलेली, वर्षानुवर्षं काहीतरी घट्ट बसलेलं असावं तशी. त्याने उजव्या हाताने तो वळ चोळला, मग अंगठी काढावी तसा ओढून बघितला. बोट आता सुजायला लागलं होतं.