रेवडीची पाठ

त्या दिवशी नव्या पेठेत मी मलमलचं कापड फाडून घेत होते. जखमेला जुन्या साडीची चिंधी मला चालत नाही. सरकारी दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात एकतीस वर्षं सिस्टर होते मी, सवय जाते थोडीच. रिटायर झाल्यावर माणसांचा वीट आला म्हणून जनावरांचं बघायला लागले. अक्कलकोट रोडला एकांच्या रिकाम्या प्लॉटवर पत्र्याची शेड आहे. मनाली आणि तिच्या मैत्रिणी रस्त्यावरची जखमी जनावरं तिथं आणून सोडतात, मी ती बरी करते, मग ती चांगल्या घरी दत्तक जातात. पगार नाही, कटकट भरपूर.

तर दुकानातच मनालीचा फोन आला. "सिस्टर, शिंगरू आहे. घोडी. बायपासला खांबाला बांधून कोण तरी निघून गेलंय. पाठ बघवत नाही हो."

"मग बघत बसू नकोस, टेम्पो बोलाव," म्हटलं.

घोडी जेमतेम दोन वर्षांची. वरातीची होती, खुरांना सोनेरी रंग होता अजून, आयाळीत चमकी अडकलेली. ह्या वयात पाठीवर पोतं टाकू नये, आणि मेल्यांनी नवरदेव बसवले! कण्याच्या दोन्ही अंगांना मांस उघडं पडलं होतं. हात लावला की थरथरायची, पण लाथ नाही की चावणं नाही. लई गुणाची. तिचं नाव मी रेवडी ठेवलं.

शेडवर मल्लेश राहतो. अक्कलकोटकडचा, पन्नाशीचा, आधी बँडवाल्यांच्या घोड्या धरायचा. एरवी त्याचं तोंड बंद नसतं. रेवडी टेम्पोतून उतरली तेव्हा मात्र तो लांबूनच बघत उभा राहिला, पुढं आला नाही. मला वाटलं, जखमेचा वास सहन होत नसेल.

मनालीनं फोटो टाकले आणि आठवड्यात श्रीपूरचे आबासाहेब येऊन बघून गेले. भला माणूस. ऊस, विहीर, मोठं झाड, मोकळं रान. नात संस्कृतीला घोडं पाहिजे म्हणून हट्ट धरून बसलेली. म्हणाले, "सिस्टर, पाठ भरली की मी न्हेतो. पण जखमी जनावर न्हाय न्यायचो. आमच्याकडं बघणारं कोण हाय?" चुकीचं काय बोलले? आणि इकडं जूनमध्ये शेड रिकामी करायची होती, तिथं बांधकाम निघणार होतं. महिनाभरात पाठ भरली नाही तर रेवडीला जागा कुठं? परत कुठल्या तरी बँडवाल्याच्या दारात.

म्हणून मी जीव ओतला. कडुलिंबाचं पाणी, मलम, वर मलमल. सकाळी जखम कोरडी असायची, कडेनं गुलाबी कातडं धरलेलं. आणि संध्याकाळी बघावं तर पुन्हा ओली. रोज. आठ दिवस झाले, दहा झाले.

मी मल्लेशला धरलं. "कोण बसतंय रे तिच्यावर?"

"आईच्यान, अक्का, कुणीबी न्हाय."

"मग कापड रोज लाल कशानं होतंय?"

तो बादली उचलून हौदाकडं निघून गेला. मला राग आला, म्हटलं आज मीच बसते इथं.

मे महिना. बाराच्या पुढं त्या माळावर चिटपाखरू नसतं. पत्रा तापून कडकड वाजत होता, फिनेल आणि कडब्याचा वास उष्णतेनं डोक्यात चढत होता. कुत्री शेडखाली मेल्यासारखी पडलेली. रेवडी लिंबाखाली डोळे मिटून उभी होती. मलाही डुलकी येत होती.

साडेबाराच्या सुमारास तिचे कान उभे राहिले.

ती हळूच चालत पाण्याच्या हौदापाशी गेली आणि हौदाच्या कठड्याला आडवी लागून उभी राहिली. माणूस चढायच्या वेळी वरातीची घोडी राहते तशी. मग तिची पाठ वाकली. जरासंच, पण मी डोळ्यानं बघितलं. दोन्ही कान मागं वळले आणि ती निघाली. दोन पावलं, थांबायचं. दोन पावलं, थांबायचं. वरातीची चाल. माळावर वाजंत्री नाही, माणूस नाही... सुकलेल्या झेंडूचा वास मात्र आला. घाबरलेली नव्हती हो ती. सांभाळून चालत होती, पाठीवरचं पडू नये म्हणून.

गोल फिरून ती हौदापाशी परत आली आणि उभीच राहिली. किती तरी वेळ. शेवटी मी उठले आणि पाठीवरची मलमल उचलली. रक्ताचे दोन डाग, दोन्ही बाजूंना सारखे, माझ्या तळव्यापेक्षाही लहान. मोठ्या माणसाची मांड ती नव्हती.

एकतीस वर्षांत मी काय कमी बघितलं नाही, पण तेव्हा भ्यायले, खरं सांगते.

मल्लेशनं त्या संध्याकाळी तोंड उघडलं. "मी बघताक्षणी वळखली हिला, अक्का. त्या लग्नात मी दुसरी घोडी धरली होती. नवरदेवाच्या पुढ्यात भाचा बसिवला होता, चार-पाच वर्साचा. असतीच की तशी पद्धत. दुपारची वरात, अडीच तास बेंजो. पोरानं मान टाकली तर समद्यांना वाटलं, झोपलंय. मांडवापाशी उतरवाय गेले तर..."

"तर काय?"

"उतरला न्हाय, अक्का. म्हंजे... अंग उतरिवलं."

रात्रभर मला ते पोरगं दिसत राहिलं. ऊन लागलेली पोरं वॉर्डात आणायचे, मला माहीत आहे ओठ कसे होतात ते. अडीच तासांत एकाला पाणी विचारावंसं वाटलं नाही!

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मीच आधी हौदापाशी जाऊन उभी राहिले. रेवडी आली, आडवी लागली. झेंडूचा वास आला.

"बाळा," मी म्हटलं. "तिच्या पाठीला बाऊ झालाय बघ. दुखतं तिला. नको ना बसू..."

रेवडीची पाठ वाकलेलीच. कुणी तरी हळू मुसमुसतंय असं वाटलं, का पत्राच वाजला. आणि मग मी ते बोलले. वॉर्डात इंजेक्शनला रडणाऱ्या प्रत्येक पोराला बोलायचे, विचार न करता, तोंडातून निघूनच जायचं.

"रडू नको राजा. ये, माझ्या कडेवर ये."

रेवडीची पाठ सरळ झाली. आणि माझी कंबर डावीकडं झुकली.

एकवीस दिवसांत जखम भरली. मनाली म्हणाली, "सिस्टर, तुमच्या हाताला जादू आहे!" आबासाहेब टेम्पो घेऊन आले, गूळ आणला, रेवडीला पेंड चारली. टेम्पोत चढताना ती थांबली, मान वळवून माझ्या डाव्या खांद्याकडं बघत राहिली. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि रडले. जा म्हटलं, सुखी राहा.

त्यानंतर आम्ही शेड रिकामी केली. मल्लेश माझ्याच परसात राहतो आता. सकाळी दोन चहा करतो आणि एक पेला दूध. माझ्या कमरेचं डावीकडचं कातडं सोललंय. मलमल मीच लावते. सकाळी कोरडं असतं.

परवा दुपारी आबासाहेबांचा फोन आला. "सिस्टर, घोडी झकास हाय! संस्कृती रोज बसती. एकच खोड हाय बघा, दुपारची टाकीला आडवी लागून हुबी ऱ्हाती, हलतच न्हाय. कुणाची वाट बघती काय की. तुमालाच शोधत असंल. या की एकदा, गाडी पाठवतो."

मी बोलायच्या आतच दोन छोट्या टाचा माझ्या मांडीवर आपटायला लागल्या. घोड्याला चल म्हणतात तशा. थांबेचनात.

मला जायचं होतं. देवाशप्पथ सांगते, वाटलं जावं, हे ओझं जिथलं तिथं ठेवून यावं आणि सरळ कमरेनं घरी यावं. कोण मला नाव ठेवणार होतं? पण त्या पाठीवर आता आबासाहेबांची नात बसते.

"गुडघे धरलेत हो," म्हटलं. "यायला नाही जमायचं. कधीच नाही."

टाचा थांबल्या. मी फोन ठेवला. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि माझ्या मानेला एक गार, ओला गाल टेकला.