उठवणी

जाहिरात नीती समितीच्या सभागृहात तो फलक आणून उभा केला, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी चप्पल भिरकावली. ती फलकाला न लागता डॉ. अमोघ होनप यांच्या खांद्यावर आदळली, आणि तक्रारदार वकील उत्तरा टिपणीस यांना मनापासून बरं वाटलं.

होनपांनी कोट झटकला. ‘सुगरण पाकयंत्रा’च्या ज्या जाहिरातींनी नाशिक पेटलं होतं, त्यांच्यामागचं डोकं ह्या गृहस्थांचं. त्यांचे फलक एकदर्शी होते. म्हणजे समोरून जाणाऱ्या प्रत्येकीला वेगळा मजकूर दिसे आणि आवाजही तिच्या एकटीच्याच कानी पडे. कॉलेजात शिकवणाऱ्या एका बाईंना भर चौकात दिसलं होतं, ‘पगार आणतेस म्हणून शिंगं फुटली का? आधी पोळ्या लाट.’ एका नव्या नवरीला, ‘आईनं काहीच शिकवलं नाही वाटतं?’ खाली मात्र सगळ्यांना एकच ओळ: ‘हे किती दिवस ऐकणार? सुगरण घ्या.’

“असली घाण लिहितं कोण तुमच्याकडे?” उत्तराबाईंनी विचारलं.

“कुणीच नाही.” होनप लहान मुलाला समजवावं तसं बोलू लागले. “तुमच्या ओट्यावर घरकान असतो ना? दिवे लावणारा, किराणा मागवणारा? तो सगळं ऐकतो. घेताना तुम्हीच संमती दिलेली असते. आमचं यंत्र त्यातून एवढंच वेचतं, की काय कानावर पडलं म्हणजे घरातली बाई हातातलं टाकून उठते. ती जितकी पटकन उठेल, तितकी त्या गोष्टीची उठवणी जास्त. सर्वांत जास्त उठवणी असलेली गोष्ट फलक तिला ऐकवतो. शिव्या तुमच्या घरच्याच आहेत, बाई. आम्ही नुसता आरसा धरतो.”

“आरसा रस्त्यात गाठून यंत्रं विकत नाही.”

“विकत घ्या अशी जबरदस्ती कुठाय? नको असेल तर पुढं चालू लागा.”

सभागृहात गलका झाला. समितीच्या अध्यक्ष, निवृत्त न्यायमूर्ती कुमुदिनी पाठारे यांनी टेबलावर हात आपटला. त्यांच्या आवाजाला धार होती. “टिपणीसबाई, नुसता संताप येतो म्हणून मला बंदी घालता येत नाही. फलकानं एखाद्या बाईकडून तिच्या मर्जीविरुद्ध काही करवून घेतलंय, किंवा हे गृहस्थ खोटं बोलताहेत, यातलं काहीतरी दाखवा. आत्ता उतरवते. नाहीतर तक्रार निकालात निघेल.”

निकालात निघाली असती, तर दिवाळीपर्यंत राज्यातल्या गावोगावी हे फलक उभे राहिले असते. उत्तराबाईंना ते ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी ही खेळी राखून ठेवली होती.

“मग माझ्यावर चालवून दाखवा,” त्या म्हणाल्या. “माझ्याही ओट्यावर घरकान आहे. आमच्या घरात असलं एक वाक्य बोललं जात नाही. फलकावर काही उमटलं, तर ते तुम्हीच लिहिता हे सिद्ध होईल.”

तिसऱ्या रांगेतल्या पुरुषांमधून शिरीष टिपणीसांनी मान डोलावली. ह्या जाहिरातींविरुद्धच्या मोर्च्याचे फलक त्यांनी स्वतः रंगवले होते. बायकोला कधी एका शब्दानं दुखवलं नाही, अशी त्यांची ख्याती होती, आणि ती खरी होती. मैत्रिणी उत्तराबाईंचा उघड हेवा करत.

उत्तराबाई फलकासमोरच्या खुर्चीवर बसल्या. होनपांनी यंत्र सुरू केलं.

फलक कोराच राहिला.

“काही नाही,” उत्तराबाईंनी सांगितलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांचं मात्र धाबं दणाणलं. घराची अब्रू राहिली होती, पण खटला बुडत होता. होनप लबाड निघतील ह्यावर त्यांची सारी भिस्त, आणि ह्या उपटसुंभाचं यंत्र इमानदार निघालं होतं.

होनपांनी तिथंच थांबायला हवं होतं. पण उत्तराबाईंसाठी वाजलेल्या टाळ्या त्यांना सोसवेनात. त्यांनी आपल्या पडद्यात डोकं घातलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि मग हसले. ते हसू उत्तराबाईंना मुळीच आवडलं नाही.

“मी यंत्राला वाक्यं शोधायला कधी सांगितलंच नव्हतं,” होनप म्हणाले. “उठवणी शोधायला सांगितलं होतं. तुमच्या घरी तेवढ्यासाठी शब्दही खर्च करावा लागत नाही, बाई.” आणि त्यांनी कळ दाबली.

टक्.

स्टीलचा रिकामा पेला जेवणाच्या टेबलावर ठेवला, की होतो तेवढाच आवाज.

उत्तराबाई उभ्या होत्या. कधी उठल्या, त्यांना कळलं नव्हतं. पाऊल डावीकडे, घरी ओटा असतो तिकडे, वळलं होतं आणि उजवा हात पाण्याचा तांब्या धरायला पुढे झाला होता. लग्न झाल्यापासून शिरीष जेवताना पेला संपवून टेबलावर ठेवत आला होता. त्यानं कधी पाणी मागितलं नव्हतं. मागायची वेळच आली नव्हती. शरमेनं त्यांचे कान तापले.

“बसा,” होनप जवळ येऊन पुटपुटले. “कुणालाच काही ऐकू गेलेलं नाही. पायाला मुंग्या आल्या म्हणा. तक्रार मागे घ्या, मीही गप्प राहतो. नाहीतर उद्या सगळ्या महाराष्ट्राला कळेल, टिपणीसबाई टिचकीसरशी उठतात.”

समोर कॅमेरे होते. उत्तराबाईंना त्या माणसाचा असा तिरस्कार वाटला, की त्यांची भीतीच जळून गेली.

“अध्यक्षबाई,” त्या मोठ्यानं म्हणाल्या, “मला आत्ता एक आवाज ऐकू आला आणि मी उठले. उठायचं मी ठरवलं नव्हतं. आपण मर्जीविरुद्ध म्हणालात, ते हेच. आवाज सगळ्यांना ऐकवा.”

होनपांचा चेहरा पांढरा पडला. आपल्या हातानं काय करून बसलो, ते त्यांना आत्ता उमगलं.

“ऐकवा,” न्यायमूर्ती म्हणाल्या.

टक्.

लघुलेखिकेची बोटं थांबली. दाराशी उभी असलेली हवालदार बाई दोन पावलं आत आली आणि गोंधळून उभी राहिली. होनपांच्याच वकीलबाईंनी पेन ठेवून खुर्ची मागे सरकवली. सभागृहभर साड्या सळसळल्या. वर मंचावर न्यायमूर्ती कुमुदिनी पाठारे खुर्चीच्या हातांवर भार देऊन अर्ध्या उठल्या होत्या. त्यांचे यजमान जाऊन कित्येक वर्षं झाली होती.

त्या सावकाश खाली बसल्या.

“फलक उतरवा,” त्या म्हणाल्या. “सगळे. आजच.”

बाहेर ढोल वाजत होते. शिरीष गर्दीतून वाट काढत आला आणि त्यानं उत्तराबाईंचे दोन्ही हात हातात घेतले. त्याचे डोळे भरून आले होते.

“जिंकलीस!” तो म्हणाला. “पण शेवटी एवढ्या बायका उठल्या कशाला गं? आमच्या रांगेत कुणालाच काही कळलं नाही.”