ताप नसलेला माणूस

शनिवारची रात्र, पावणेदोन. टाळेबंदीचे दिवस. मोठ्या दवाखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एकच गाडी होती, दुधाचा टेम्पो. टेम्पोवाल्याकडे पास असल्यामुळे पोलिसांनी अडवलं नाही. पण मागे दूध नव्हतं. शेजारी धाकटा भाऊ होता आणि त्याला दवाखान्यात पोचवायचं होतं.

जवळ सरका, पोरांनो. ज्याच्यावर हे गुदरलं तो अजून दूध घालतो. खोटं वाटलं तर पहाटे त्यालाच विचारा.

धाकटा रंगारी. सकाळी घोटभर पोटात गेल्याशिवाय त्याच्या हातात ब्रश ठरत नसे. दुकानं बंद झाली, साठवलेलं संपत आलं, तसं घरादाराला हायसं वाटलं. त्याची बायको म्हणाली, भाऊजी, आपल्या सगळ्यांना जे जमलं नाही ते या रोगानं करून दाखवलं. उरलेली अर्धी बाटली टेम्पोवाल्यानेच मोरीत ओतली. हात धुवा, तोंड झाका, असं दिवसभर भोंग्यावरून ओरडणाऱ्यांपैकी एकालाही सांगावंसं वाटलं नाही, की मुरलेल्या पिणाऱ्याची दारू अशी एकाएकी तुटली तर माणूस मरू शकतो.

तिसऱ्या रात्री धाकट्याला झटका आला. दातखीळ बसली, तोंडातून रक्त आलं. शुद्धीवर आला तो अंगावरच्या नसलेल्या मुंग्या झटकत.

दवाखान्याच्या फाटकावर रखवालदाराने टेम्पोत वाकून त्याच्या कपाळासमोर यंत्र धरलं. ताप नव्हता. आत फक्त तापाचे रोगी घ्यायचे, असा वरून हुकूम होता. टेम्पोवाला रखवालदाराला बाजूला, पार त्याच्या चौकीपर्यंत घेऊन गेला, हात जोडले, गयावया केली.

"बेवड्यांना खाटा नाहीत. लिंबूपाणी पाजा, उतरेल."

"अहो, चढलेलीच नाही, तर उतरणार काय?"

रखवालदाराने तोंड फिरवलं.

टेम्पोवाला परतला तेव्हा धाकटा दाराला चिकटून बसला होता. मधली जागा मोकळी सोडून.

"दादा, अंग चोरून बस. याला जागा दे."

"कुणाला?"

"हा... फाटकापासून आलाय."

भास होणारच, टेम्पोवाल्याने स्वतःला बजावलं. किल्ली फिरवली. मधल्या सीटचं रेक्झिन करकरलं.

"दादा, हा म्हणतो, यालाही लिंबूपाणीच सांगितलं होतं."

टेम्पोवाल्याने चौकीकडे वळून पाहिलं. चौकी लांब होती. काचा बंद होत्या. धाकट्याला ते ऐकू जाणं शक्य नव्हतं.

"घरी नेऊ नको म्हणतो. भिंतीच्या कडेने... मागे."

त्याने टेम्पो वळवला. का वळवला, ते त्याला आजही सांगता येत नाही.

मागे लोखंडी दार. बाहेरून ना मूठ, ना कडी. त्याने दार ठोठावलं. काही नाही. पुन्हा ठोठावलं. काही नाही...

मग आतून आवाज आला. कडी सरकत होती. हळूहळू. जड. मध्येच थांबली. पुन्हा सरकली.

दार वीतभर उघडलं. आत अंधार. फिनेलचा वास.

"कोण आहे?" टेम्पोवाल्याने विचारलं.

...

त्याने धाकट्याला खांद्यावर टाकलं. आत शिरला. खोलीत एक स्ट्रेचर. त्यावर डोक्यापर्यंत चादर. दुसरं कुणी नाही. तो थांबला नाही. समोरचं दार ढकललं, तर उजेडाचा व्हरांडा, आणि इथून कसे आलात म्हणून ओरडत येणारी नर्स. तिच्या पायाशीच धाकट्याला दुसरा झटका आला. आता त्याला परत पाठवणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं. सुई टोचली, सलाईन लागलं. तो वाचला.

चादरीखालच्या माणसाचं सकाळी नर्सने सांगितलं. गुरुवारी रात्री तोही थरथरत फाटकावर आला होता. ताप नव्हता. परत पाठवला. शुक्रवारी पहाटे सफाईवाल्यांना फाटकाबाहेर गटाराशी मरून पडलेला सापडला. त्याला न्यायला अजून कुणी आलं नव्हतं.

पुढे चौकशी बसली. परवानगीशिवाय मागचं दार कुणी उघडलं, एवढ्याचीच. नर्सला तीनदा बोलावलं. पुढचं फाटक कुणाच्या हुकमाने बंद झालं, हे विचारायला त्या साहेबांना आजतागायत सवड झालेली नाही.

नर्सने मात्र त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. शुक्रवारी त्या माणसाचे चिखलाने भरलेले हात तिने स्वतः पुसले होते. रविवारी त्याला हलवताना चादर सरकली, तेव्हा उजव्या तळहातावर, बोटांच्या पेरांपर्यंत, कडीचा तांबडा गंज होता.