चिखलावरचं रिंगण

लेकीची आई दारापर्यंत येऊन बजावत होती, "रजई तिच्याच हातात द्या हो. वाटेत कुणी गोड बोललं की देऊन मोकळे व्हाल तुम्ही." म्हणून रजई काखेत घट्ट मारून मी निघालो.

लेक समुद्राकाठच्या अभयारण्यात रखवालीला होती. रस्ता काही तिथवर जात नाही. होडीवाल्याने सकाळी पोचवलं आणि म्हणाला, "भरतीबरोबर न्यायला येतो. तोवर जनावरं बघून घ्या, बाबा. घरी गेल्यावर म्हातारीच आहे बघायला." हसत हसत गेला तो. इंजिनाची फटफट विरली आणि मग माणसाचा म्हणून एक आवाज उरला नाही.

एका अंगाला खारफुटीचं दाट रान, दुसऱ्या अंगाला समुद्र. मधे ओहोटीने उघडा पडलेला चिखल, नजर ठरेल तिथवर. कुजलेल्या शेवाळाचा वास नाकात जाऊन बसतो, निघता निघत नाही. पण जनावरं मात्र बघावी तिथली. पाणमांजर मासा दोन्ही हातांत धरून खातं, अगदी माणसासारखं. मी आपला बघतच राहिलो.

रजई लेकीच्या हातात दिली आणि दुपारी तिने मला लपणात बसवलं. लपण म्हणजे फळ्यांची खोली. आत एक बाक, समोर डोळ्यांच्या उंचीला लांब फट. माणसाने आत गप्प बसायचं आणि फटीतून पाखरं बघायची. बाहेरचा चिखल पाखरांनी नुसता झाकून गेला होता. थंडीत कुठून कुठून येतात म्हणे. त्यांची बारीक शीळ सारखी चालू होती.

"अप्पा, खोकू नका हं."

"खोकला काय विचारून येतो?"

"मग हळू खोका."

एक हरीण पाखरांतून पाण्याकडे चाललं होतं. ते जाईल तिथे पाखरं बाजूला सरत आणि मागून पुन्हा मिटत. हरणाभोवती एक मोकळं रिंगण चालत होतं म्हणा ना.

"कोल्हा असला की रिंगण मोठं," ती कुजबुजली. "आणि माणूस असला की सगळ्यात मोठं. एवढा मान आपल्याला कुठे मिळतो, सांगा."

तेवढ्यात तिला ते दिसलं. मधल्या ओहळापलीकडे जाळ्याच्या तुकड्यात एक कासव अडकून धडपडत होतं. तिने खाकी कोट चढवला.

"राहू दे ना बाळा, पाणी येईल."

"भरतीच्या आत येते. तुम्ही हलू नका."

ती चिखलात उतरली. पाखरं सरली. चांगलं मोठं रिंगण तिच्यासोबत चाललं. ओहळात गुडघाभर पाणी होतं, ते ओलांडून ती पलीकडे गेली. समुद्रावरून धुकं सरकत आत येत होतं.

धुक्याच्या कडेला तिच्यामागे आणखी कुणीतरी चालताना दिसलं. वाटलं, तिच्याच कामावरचं माणूस असेल. कोट तसाच होता. चालही तशीच, उजवा खांदा जरा खाली टाकून. ती थांबली की तेही थांबायचं.

मग माझी नजर त्याच्या पायांकडे गेली.

पाखरं सरत नव्हती. त्याच्या दोन पावलांच्या मधे चोची मारत फिरत होती...

मी उठलो. "बाळा... ए बाळा... मागे बघ..."

ती वळली एवढं दिसलं. मग धुकं दोघांवरून गेलं. पाखरांची शीळ एकदम बंद पडली. किती वेळ, देव जाणे. मी फळीला धरून उभा होतो.

धुक्यातून एकटी लेक बाहेर आली. माझा जीव भांड्यात पडला. पण पडतो न पडतो तोच वर आला. पाखरांच्या दाटीतून ती सरळ चालत होती आणि एकही पाखरू हललं नाही. पायाखाली येतील म्हणून मीच दचकत होतो. कमरेइतक्या पाण्यातून तिने सावकाश ओहळ ओलांडला.

तिच्यामागे, पलीकडे, चिखलावर एक रिंगण उघडलं. मोठं, माणसाएवढं. आत कुणी नाही. ते धावत होतं. माझ्याकडे धावत होतं. ओहळापाशी येऊन थबकलं. ओहळ तोवर आणखी फुगला होता, छातीपेक्षा वर पाणी असेल. रिंगण काठाकाठाने इकडून तिकडे, तिकडून इकडे पळत राहिलं.

पाखरं ज्याला माणूस मानत होती ते तिकडे होतं. आणि ही लपणाच्या दारात उभी होती.

"चला अप्पा."

"कासव... सुटलं का गं?"

"कसलं कासव?"

"तिकडे कोण आहे? ते बघ... पळतंय..."

"कुणी नाही. चला, भरती आली."

तिने माझा हात धरला. हात उबदार होता. गार असता तर मला काय ते कळलं तरी असतं. मी जागचा हललो नाही, डोळे पलीकडेच लावून होतो. पाणी चढलं. पायाखालचा चिखल बुडाला तशी पाखरं थव्याने उठली आणि निघून गेली. मग ते कुठे आहे हे सांगायला तिकडे काहीच उरलं नाही.

नोकरी सोडून ती घरी आली, त्याला आता वर्ष होईल. तिची आई खूश आहे. "किती शांत झालीय पोर, उलट उत्तर म्हणून नाही," सगळ्यांना सांगते. लहानपणचं काहीही विचारा, ती बिनचूक सांगते. मी विचारतो अधूनमधून. मग विचारलं याचीच लाज वाटते. आपलीच लेक असली तर?

काल दुपारी ती अंगणात केस वाळवत बसली होती. मी धीर करून म्हटलं, "मला एकदा तिकडे जाऊन यायचंय."

"तिथे आता काय राहिलंय, अप्पा?"

मान न वळवता म्हणाली ती. तेवढ्यात छपरावरून एक कावळा उतरला, तिच्या खांद्यावर बसला, आणि कुंपणाच्या खांबाला पुसावी तशी त्याने तिच्या मानेला चोच पुसली. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

मी टाळी वाजवली. तेव्हा कावळ्याने माझ्याकडे बघितलं आणि घाबरून उडाला.