चादरीच्या सुतातली माळ

पहाटेपासून झेंडू ओवून बोटं आखडली होती. त्यात एक ट्रक पुणे नाक्यावर नेमका माझ्या फुलांच्या पाटीसमोर येऊन खाकरत थांबला. खाली उतरलेला ड्रायव्हर माझ्याहून दमलेला. डोळे लाल, शर्ट पाठीला चिकटलेला.

"गाडीला माळ द्या. पुण्यापतुर टिकंल अशी."

"माळ टिकंल... तुमी टिकाल का?"

तो हसला. आणि खोटं कशाला बोलू, माझा शीण थोडा उतरला.

त्याचं नाव सिद्धाराम. मग दर खेपेला तो माझ्याचकडे माळ घेऊ लागला. माझे आप्पा चादरीच्या मागावर कामाला. तिथलं उरलेलं लाल-निळं सूत ते आणायचे, त्यातच मी माळा ओवायची. ओढलं तरी तुटायचं नाही. नाक्यावर असलं सूत दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

आमचं बोलणंही दमलेलंच. "झोपला का वाईच?" "वाटंत मोडनिंबला डोळा लागला हुता." बस, एवढंच. पण तो आला नाही की त्या दिवशी झेंडू काही केल्या संपायचे नाहीत.

एका दुपारी ट्रक आला तो बॉनेटमधून वाफा सोडतच. सिद्धाराम पायरीवर डोकं धरून बसला.

"काय झालं?"

"त्यो स्टेरिंगम्होरला तांबडा दिवा... पेटला की गाडी तापतीया. सारखं तेच. मालक म्हंतो, आता गाडी हुबी ऱ्हायली तर दुसरा डायवर बघतो. मग मी गावाकडं. हितं परत कशाला येतोय मी..."

हे बोलताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी पाटी तशीच सोडून उठले आणि हाक मारली.

शेजारच्या गॅरेजातून ज्ञानबा मिस्त्री आले. इंजिन निवू दिलं, पाणी बघितलं, दिव्याची वायर ओढून बघितली.

"दिव्याचं काय चुकलं न्हाय. पट्टा उतरला की डायनामो बंद, दिवा पेटतोय. त्याच पट्ट्यावर पंखा. पंखा बंद, गाडी गरम. पर पट्टा तर नवा हाय... उतरतोय कशानं?"

बॉनेटखाली अर्धे आत वाकून त्यांनी चाचपलं, आणि पंख्याच्या चाकाभोवती आवळलेला एक तेलकट गुंता ओढून काढला. टोक फडक्याने पुसलं. लाल-निळं.

"हे सूत कुटलं रं?"

मला बघताक्षणी कळलं. हातातली सुई तशीच राहिली.

मिस्त्रींनी पुन्हा हात घातला. कोपऱ्यातून वाळक्या झेंडूच्या माळा निघाल्या. एक, आणखी एक... निघतच राहिल्या.

"आरं, माळ पुढं जाळीला बांदत्यात! ह्या हितं कशाला कोंबल्यास?"

"निर्माल्य हाय." सिद्धारामचे कान लाल झाले. "पायदळी कसं टाकायचं? केबिनीत ठिवलं तर मालक फेकतोय."

"मग सिद्धेश्वराच्या तळ्यात सोडायचं की! तळं काय काशीला हाय?"

"गेलतो की सोडाय... सोडवंना, मिस्त्री."

मिस्त्रींनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. गालात हसत पट्टा चढवला, पाना उचलला आणि "च्या पिऊन येतो" म्हणत निघून गेले.

मला राग यावा की रडू, कळेना.

"माझ्याच माळंनं नोकरी घालवत हुता व्हय?"

"तुमच्या माळंसाटीच तर ह्यो रस्ता धरून हाय की..." तो हळूच म्हणाला. "न्हायतर कवाच सोडला असता. लई दमलोय, पार्वतम्मा. ह्या नाक्यावर तेवढं बरं वाटतंय."

माझे डोळे भरून आले. मलाही बरं वाटायचं, फक्त त्याच नाक्यावर, फक्त तो आला की. मी त्या वाळक्या माळा पदरात गोळा केल्या.

"ह्या तळ्यात सोडायच्या. पर मी एकटी न्हाय जायची. दोघं जाऊ."

"दोघं? लोक काय म्हंतील?"

"मग आदी आप्पास्नी येऊन इचारा. मागावरनं सुटले की घरीच असत्यात."

तो बघतच राहिला. मग घाईघाईने ट्रकमध्ये चढला. चावी फिरवली, तांबडा दिवा पेटला. इंजिन सुरू झालं आणि दिवा विझला. विझलेलाच राहिला.

"आप्पा चिडके हायत का?" त्याने खिडकीतून विचारलं.

"लई."

"असू देत. पुढच्या खेपंला येतो. तवर माळा ओवून ठिवा. दोन. ह्याच सुतात..."

ट्रक वळून दिसेनासा झाला. पाय दुखतच होते. मी खाली बसले आणि आप्पांनी आणलेल्यातलं चांगलं सूत दोन माळांसाठी वेगळं काढायला घेतलं.