पालथा कप

कचेरीत त्याला सगळे ठिपकेवाला म्हणत. काम होतंच तसं. संगणकाच्या पडद्यावर तीनशे ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक माणूस, आणि ओळखीपाळखीच्या जागी रेघा. रेघा जुळत, तुटत, आणि एकाची सवय दुसऱ्याला कशी लागते ते हा बघत बसे. फेरी दिवसाला एक. एकटे पडलेले ठिपके उगाच अडगळ करतात, म्हणून यानेच नियम घातला होता: सात फेऱ्या एकही रेघ नाही, की ठिपका पुसायचा.

पेरायला एखादी सवय हवी होती. आळसापोटी त्याने घरचीच घेतली. त्याची ताई चहा संपला की कप बशीत पालथा घालायची. एका ठिपक्याला त्याने ताई म्हटलं, एकाला स्वतःचं नाव दिलं, आणि ताईच्या ठिपक्याला रेघच जोडली नाही. का, ते त्यालाच ठाऊक. पूर्वी, कॉलेजात असताना, त्याच्या वसतिगृहात ती डबा घेऊन आली होती. मित्रांनी विचारलं, "कोण रे ही?" हा म्हणाला, "आमच्याकडे कामाला असते." तिने ऐकलं, डबा ठेवला आणि गेली. तिच्याच शिवणकामावर हा शिकत होता, बरं का. पुढे ती वारली, तेव्हाही लाजेने हा गेला नाही.

सातव्या फेरीला ताईचा ठिपका पुसला गेला. त्याने डोळ्यांनी पाहिलं.

सोमवारी कचेरीतल्या ग्रंथपालबाईंच्या टेबलावर कप पालथा दिसला. बुधवारी साहेबांच्या. पडद्यावरही तेच पसरत होतं. सगळ्या रेघा एका जागी येऊन थांबत होत्या आणि त्या जागी ठिपका नव्हता.

"बाई, ही सवय कुठली?" त्याने हसत विचारलं.

"खाली बाकावर बसतात ना, त्यांची. इतक्या मायाळू आहेत." बाई जरा घुटमळल्या. "तुमच्याकडे कामाला असतात म्हणे."

त्याची कानशिलं तापली. "नाही हो, ती माझी..."

मागे साहेब उभे होते. त्यांच्यासमोर जीभ रेटेना.

"हो," तो म्हणाला. "कामाला असते."

मग तो धावत खाली गेला. बाक रिकामा होता. फळीला हात लावला, तर ऊब होती.

वर आला, तर पडद्यावर त्याच्या स्वतःच्या ठिपक्याची शेवटची रेघ तुटत होती. त्याने हाताने नवी ओढली. ती मिटली.

तिसऱ्या दिवशी बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाचव्या दिवशी साहेबांनी त्याचं काम, तो समोर बसलेला असताना, दुसऱ्याला दिलं.

सातव्या दिवशी दुपारी तो उभा राहिला.

"ती माझी सख्खी बहीण होती. मी खोटं बोललो. दोनदा."

कुणी मान वर केली नाही.

चहावाला कप मांडत आला. त्याच्या टेबलापाशी थबकला.

"बाई, इथे कोण बसतं हो?"

ग्रंथपालबाईंनी आपला कप बशीत पालथा घातला.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "कामाला असायचं कुणीतरी."